दोन हेलिक्सचा पीळ मोजायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रथिनाच्या एका स्फटिक-रचनेत साठेक रेसिड्यूंच्या (साखळीतल्या ॲमिनो आम्लांच्या) दोन समांतर अल्फा हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारख्या वळलेल्या साखळ्या, एकमेकींभोवतीही वळलेल्या दिसतात. अशा जोडीला कॉइल्ड कॉइल म्हणतात. प्रश्नकर्त्याने प्रत्येक हेलिक्सला एक सरळ रेषा बसवली आणि दोन रेषांमधला कोन काढला. तो १६ अंश आला, आणि रेषांमधलं कमीत कमी अंतर ५ आंगस्ट्रॉम (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग). मग एका प्रोग्रॅमने पिच, म्हणजे एकमेकींभोवती एक पूर्ण फेरा व्हायला लागणारी लांबी, १५० आंगस्ट्रॉमच्या आसपास सांगितली. दुसऱ्याने मात्र रेणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२० ते ४०० अशी बदलती पिच दिली. यातला खरा आकडा कोणता, आणि पीळ मोजायची बरोबर रीत कोणती?

सरळ रेषेचे दोन्ही आकडे सोडून द्या. बाकीचे दोन प्रोग्रॅम बहुधा दोघेही बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. आणि माझा आग्रहाचा मुद्दा असा की मोजायची ती पिच नाहीच. मोजायचं ते हे, की एक रेसिड्यू पुढे सरकल्यावर हेलिक्सचा अक्ष मधल्या अक्षाभोवती (ज्या रेषेभोवती दोन्ही हेलिक्स वळतात तिच्याभोवती) किती अंश फिरतो. पिच हा त्यातून शेवटी काढायचा आकडा आहे, आणि बऱ्याचदा न काढलेलाच बरा.

आधी त्या ५ आंगस्ट्रॉमकडे बघू, कारण पद्धत कुठे फसली ते तोच आकडा सांगतो. बाजूच्या साखळ्या (प्रत्येक रेसिड्यूचा बाहेर डोकावणारा भाग) धरून अल्फा हेलिक्सची जाडी साधारण १० आंगस्ट्रॉम असते. दोन हेलिक्स घट्ट बिलगल्या तरी त्यांचे अक्ष ८ आंगस्ट्रॉमच्या फारसे आत येत नाहीत. संपर्काच्या जागी ग्लायसिन किंवा ॲलनिन असतील तर अजून थोडे जवळ येतात, इतकंच. ५ आंगस्ट्रॉम म्हणजे एक हेलिक्स दुसरीच्या आतून गेली असं म्हणण्यासारखं झालं.

हे का होतं ते एका आदर्श जोडीवर करून बघा. मधल्या अक्षापासून प्रत्येक हेलिक्सच्या अक्षाची त्रिज्या ४.९ आंगस्ट्रॉम आणि पिच १४८ आंगस्ट्रॉम धरा. इथे दोन अक्षांमधलं खरं अंतर सगळीकडे ९.८ आंगस्ट्रॉम आहे आणि समोरासमोरच्या बिंदूंवर त्यांच्यातला कोन साडेतेवीस अंश. आता यातले ३० रेसिड्यू घेऊन लघुतम वर्ग रीतीने सरळ रेषा बसवा. अंतर ८.४ येईल आणि कोन साडेएकवीस. ६० रेसिड्यू घेतले तर अंतर ४.९ आणि कोन साधारण १६. पूर्ण १०० रेसिड्यू, म्हणजे अख्खा एक फेरा घेतला, तर दोन्ही रेषा मधल्या अक्षावर येऊन एकमेकींना छेदतात. अंतर शून्य, कोन जेमतेम ७ अंश. रेणू तोच, पीळ तोच, फक्त तुकडा लांब केला. वाकलेल्या वस्तूला सरळ रेषा बसवली की आकडा वस्तूपेक्षा तुकड्याच्या लांबीबद्दल जास्त बोलतो. प्रश्नातले १६ आणि ५ हे आकडे या गणितात जवळजवळ जसेच्या तसे निघतात, म्हणजे त्या जोडीचा सरासरी पीळ या आदर्श जोडीच्या जवळपास असावा.

या भूमितीचा पाया फ्रान्सिस क्रिक यांनी १९५२-५३ मध्ये घातला. पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या अल्फा हेलिक्समध्ये एका वळशात ३.६ रेसिड्यू असतात, प्रत्येक रेसिड्यूमागे उंची १.५ आंगस्ट्रॉम, म्हणून एक वळसा ५.४ आंगस्ट्रॉमचा. पण केसांतल्या केराटिनच्या क्ष-किरण चित्रात ठळक खूण दिसत होती ती ५.१ आंगस्ट्रॉमच्या सुमारास. मेळ बसत नव्हता. क्रिक यांनी दाखवलं की दोन हेलिक्स एकमेकींशी साधारण २० अंशांनी कलल्या, तर एकीची बाजूची साखळी दुसरीवरच्या चार साखळ्यांमधल्या खाचेत नीट बसते. हे पुढे लांबवर टिकायचं असेल तर दोघींना एकमेकींभोवती वळावं लागतं. वळल्यावर ठेवण दर सात रेसिड्यूंनी पुन्हा येते, म्हणजे मधल्या अक्षाकडून पाहिलं तर एका वळशात ३.६ ऐवजी ३.५ रेसिड्यू. कलल्यामुळे रेसिड्यूमागची उंचीही १.४८ च्या आसपास येते. ३.५ गुणिले १.४८ करा, ५.१८ येतात. केराटिनची ती खूण अशी सुटली.

वर्णनासाठी मोजकी मापं लागतात. मधल्या अक्षापासूनची मोठी त्रिज्या, मधल्या अक्षाभोवती दर रेसिड्यूला होणारं फिरणं, हेलिक्सची स्वतःची त्रिज्या (कार्बन-अल्फा अणूंसाठी, म्हणजे प्रत्येक रेसिड्यूच्या मधल्या कार्बनसाठी, सुमारे २.३ आंगस्ट्रॉम), दर रेसिड्यूची उंची, आणि हेलिक्स स्वतःभोवती किती फिरवून बसवली आहे तो कोन. साखळ्या लांबीच्या दिशेने एकमेकींपासून सरकलेल्या असतील तर ते सरकणंही. बाकी सगळं यातून निघतं. हेलिक्सचा अक्ष मधल्या अक्षाशी जितका कललेला असतो तो पिचकोन. त्याचा टॅन्जंट म्हणजे २π गुणिले त्रिज्या भागिले पिच. आपल्या आदर्श जोडीत तो ०.२०८, म्हणजे पावणेबारा अंश. दोन हेलिक्स असतील तर त्यांच्यातला कोन बरोबर याच्या दुप्पट. तीन किंवा चार असतील तर दुप्पट करू नका. शेजारच्या दोन हेलिक्समधल्या कोनाच्या अर्ध्याचा साइन म्हणजे पिचकोनाचा साइन गुणिले, १८० अंशांना हेलिक्सच्या संख्येने भागून येणाऱ्या कोनाचा साइन. दोनसाठी हा दुसरा साइन १ होतो, म्हणून तिथे दुप्पट चालतं. चारांच्या जुडीवर तोच नियम लावलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि मग पीळ उगाच वेगळा निघतो.

आता पीळ येतो कुठून, इथे जरा थांबू, कारण मोजमापातली निम्मी कोडी यातूनच सुटतात. हेलिक्स स्वतःच्या अक्षाभोवती दर रेसिड्यूला जितकी वळते आणि खाचांची ठेवण जितकं वळण मागते, त्या दोन्हींतला फरक म्हणजे पीळ. सात रेसिड्यूंत दोन वळसे म्हणजे दर रेसिड्यूला १०२.८६ अंश. हेलिक्सला ३.६ रेसिड्यूंचा वळसा असेल तर ती १०० अंश वळते. २.८६ अंश कमी पडले, ते मधल्या अक्षाभोवती उलट्या बाजूला, म्हणजे डावीकडे, फिरून भरून निघतात. पिच येते १८६ आंगस्ट्रॉम. पण हेलिक्सचा वळसा ३.६ ऐवजी ३.६३ रेसिड्यूंचा असेल तर? मग फरक ३.६८ अंश आणि पिच १४५. वळशातल्या रेसिड्यूंत शतांश ३ चा फरक, आणि पिच ४० आंगस्ट्रॉमनी बदलली. पिच इतकी हळवी आहे, म्हणून तिच्या एकेका आंगस्ट्रॉमवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

हाच हिशेब हेप्टॅड, म्हणजे सात-सात रेसिड्यूंचं आवर्तन, मोडतो तिथे उपयोगी पडतो. अकरा रेसिड्यूंत तीन वळसे अशी ठेवण असेल तर मागणी ९८.१८ अंशांची होते. ३.६३ ची हेलिक्स ९९.२ अंश वळते, म्हणजे आता ती एका अंशाने जास्त वळते आहे, आणि पीळ उजवा होतो. पिच मात्र ५०० च्या पुढे, म्हणजे जोडी जवळजवळ सरळ. पंधरा रेसिड्यूंत चार वळसे असतील तर उजवा पीळ चांगला ठसठशीत होतो. अठरा रेसिड्यूंत पाच वळसे असतील तर किंचित डावा, बघणाऱ्याला सरळच वाटेल असा. हार्बरी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अकरा रेसिड्यूंच्या आवर्तनावरून उजव्या पिळाची चार हेलिक्सची जुडी मुळापासून रचून दाखवली. निसर्गात असा पीळ एका आर्कीयन जीवाच्या (जिवाणूंहून वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवाच्या) टेट्राब्रॅकियॉन या प्रथिनात आहे.

आता प्रत्यक्ष मोजणी. एका साखळीचे लागोपाठचे चार कार्बन-अल्फा अणू घ्या. दुसऱ्या अणूसाठी असं करा: पहिल्या आणि तिसऱ्या अणूच्या स्थानांची बेरीज घ्या आणि त्यातून दुसऱ्याच्या स्थानाची दुप्पट वजा करा. जो सदिश येतो तो त्या अणूपासून थेट हेलिक्सच्या अक्षाकडे रोखलेला असतो. तिसऱ्या अणूसाठी दुसरा आणि चौथा वापरून तसाच दुसरा सदिश काढा. या दोन सदिशांमधला कोन म्हणजे दर रेसिड्यूचं वळण. त्यांचा क्रॉस गुणाकार म्हणजे त्या जागी अक्षाची दिशा. दोन्हींच्या लांबींच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या आणि त्याला, १ मधून कोनाचा कोसाइन वजा करून जे उरेल त्याच्या दुपटीने भागा, की हेलिक्सची स्थानिक त्रिज्या मिळते. अणूपासून त्या सदिशाच्या दिशेने एवढं अंतर चाललात की तुम्ही अक्षावर पोहोचलात. एकेक रेसिड्यू सरकत हे केलं की सरळ रेषेऐवजी अक्षावरच्या बिंदूंची माळ हाती येते. ती हेलिक्स वाकेल तशी वाकते.

दोन्ही साखळ्यांसाठी अशी माळ तयार झाली की समोरासमोरच्या बिंदूंचा मध्य काढा. ते मध्यबिंदू म्हणजे मधला, मोठा अक्ष. त्याच्यापासून हेलिक्सच्या अक्षाचं अंतर ही स्थानिक त्रिज्या. आणि हेलिक्स-अक्षावरचा बिंदू, त्याचा मध्यबिंदू, पुढचा मध्यबिंदू आणि पुढचा हेलिक्स-अक्षबिंदू या चौघांचा डायहेड्रल कोन (मधल्या दोन बिंदूंच्या रेषेतून पाहिल्यावर दोन टोकांमध्ये दिसणारा कोन) म्हणजे हवा असलेला आकडा: दर रेसिड्यूचं फिरणं. डावा पीळ असेल तर ऋण, उजवा असेल तर धन. सामान्य समांतर जोडीत तो उणे ३.५ अंशांच्या आसपास घुटमळतो. स्ट्रेलकोव्ह आणि बुर्खार्ड यांचा २००२ चा ट्विस्टर हा प्रोग्रॅम साधारण याच वाटेने जातो.

या स्थानिक मोजणीत गोंगाट फार असतो, आणि तो किती असणार हे आधीच काढता येतं. त्रिज्या ४.९ आणि फिरणं ३.६ अंश असेल तर एका रेसिड्यूमागे हेलिक्सचा अक्ष मधल्या अक्षाभोवती सरकतो जेमतेम ०.३ आंगस्ट्रॉम. चांगल्या स्फटिक-रचनेतही अणूंच्या स्थानातली अनिश्चितता आणि हेलिक्सची स्वतःची बारीक वाकडीतिकडी मिळून अक्षबिंदू ०.२-०.३ आंगस्ट्रॉमने सहज इकडेतिकडे होतो. म्हणजे जे मोजायचं तेवढीच चूक. एका रेसिड्यूचा आकडा उणे ७ किंवा अधिक १ आला तर त्यात काही जैविक अर्थ शोधू नका. सात रेसिड्यूंची खिडकी घेतली तर अक्ष २५ अंश फिरलेला असतो, सरकणं दोन आंगस्ट्रॉमच्या पुढे जातं, आणि तेवढं विश्वासाने मोजता येतं. खिडकी सातचीच घ्यावी, कारण हेप्टॅडमधल्या आतल्या-बाहेरच्या रेसिड्यूंचा जो नियमित चढउतार असतो तो त्यात आपोआप रद्द होतो. पाच किंवा दहाची खिडकी घेतली तर तो थोडा शिल्लक राहतो आणि आलेखात खोट्या लाटा दिसतात.

आणि सरासरी नेहमी फिरण्याची घ्या, पिचची कधीच नाही. एका भागात फिरणं उणे ४.५ अंश आहे, पुढच्या तेवढ्याच लांबीच्या भागात उणे १.५. पहिल्याची पिच ११८ आंगस्ट्रॉम, दुसऱ्याची ३५५. दोन्हींची सरासरी २३७ येते. पण जोडी एकूण किती फिरली ते पाहिलं तर सरासरी उणे ३ अंश, आणि त्याची पिच १७८. या जोडीला २३७ लिहिणं सरळ चूक आहे. आणखी वाईट म्हणजे फिरणं शून्याजवळ गेलं की पिच अनंताकडे धावते, आणि शून्य ओलांडलं की एकदम उलट्या चिन्हाने परत येते. आलेखात तिथे जणू मोठी घटना दिसते. प्रत्यक्षात जोडी थोडी सरळ झालेली असते, बाकी काही नाही. प्रश्नातली ४०० ची पिच म्हणजे फिरणं सुमारे उणे १.३ अंश आणि १२० म्हणजे सुमारे उणे ४.४. असं लिहिलं की तो बदल अंगावर येत नाही, आणि तरीही तो खरा आहे की नाही हे विचारण्यासारखं उरतंच.

दोन प्रोग्रॅममध्ये फरक का पडला, तेही आता सांगता येईल. एक जात स्थानिक मोजणारी, वर सांगितली तशी. दुसरी जात क्रिक यांची समीकरणं घेऊन एक आदर्श जोडी तयार करते आणि तिची मापं हलवत हलवत ती तुमच्या कार्बन-अल्फा अणूंवर जास्तीत जास्त जुळवते. ग्रिगोरियन आणि डीग्राडो यांचा २०११ चा सीसीसीपी हा या जातीचा. त्यातून अख्ख्या तुकड्यासाठी एकच त्रिज्या, एकच फिरणं, एकच पिच मिळते, आणि सोबत जुळणी किती नीट झाली तो आकडा. जोडी एकसारखी असेल तर हीच पद्धत उत्तम, कारण सगळे अणू एकाच आकड्यामागे उभे राहतात आणि गोंगाट दबतो. नवीन प्रथिनं रचणाऱ्यांना याच मापांची गरज असते. पण जोडीत मध्येच पीळ सैल झाला असेल तर ही पद्धत तो बदल सगळीकडे पसरून टाकते आणि तुम्हाला कळतही नाही. म्हणून जुळणीतला फरक अर्ध्या आंगस्ट्रॉमच्या वर गेला की मी एकट्या आकड्यावर समाधान मानत नाही आणि स्थानिक आलेख काढतो. चार हेलिक्सच्या जुड्यांसाठी, त्यातही उलटसुलट दिशेच्या हेलिक्स असतील तर, डुनिन-होर्कावित्स आणि लुपास यांचा सॅमसीसी हा त्या कामासाठीच लिहिलेला प्रोग्रॅम आहे.

पिळाइतकाच, आणि माझ्या मते त्याहून बोलका, आकडा म्हणजे क्रिक कोन. हेलिक्सच्या अक्षावर उभं राहा. एक हात मधल्या अक्षाकडे करा, दुसरा त्या रेसिड्यूच्या कार्बन-अल्फाकडे. त्या दोन हातांमधला कोन तो क्रिक कोन. शून्य म्हणजे रेसिड्यू थेट आत रोखलेला, १८० म्हणजे पूर्ण बाहेर. हेप्टॅडच्या सात जागांना ए ते जी अशी नावं आहेत, त्यांतल्या ए आणि डी आतल्या बाजूला येतात. आदर्श हेप्टॅडमध्ये ए जागेचा कोन अधिक २६ आणि डी जागेचा उणे २६ असतो. क्रमवारीवरून तुम्ही ठरवलेल्या ए आणि डी जागा खरोखर आत आहेत का, ते इथे पडताळून बघता येतं. हेप्टॅड मोडला असेल तर हे कोन एका बाजूला हळूहळू सरकत जाताना दिसतात, आणि पिळाच्या आलेखापेक्षा ते सरकणं किती तरी स्वच्छ असतं, कारण इथे मोजायचा कोन हेलिक्सच्या छोट्या त्रिज्येवर असूनही वळण शंभर अंशांचं आहे, साडेतीनचं नाही.

क्रिक कोन किती मोलाचा आहे याचा नमुना म्हणजे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली आर्किओग्लोबस फुल्गिडस या सूक्ष्मजीवातल्या हॅम्प डोमेनची (संदेश पोहोचवणाऱ्या प्रथिनातल्या एका भागाची) रचना. तिथल्या चार हेलिक्स नेहमीपेक्षा सुमारे २६ अंशांनी स्वतःभोवती फिरलेल्या निघाल्या. नेहमीच्या ए-डी जोडीऐवजी एक रेसिड्यू थेट आत शून्य अंशावर, आणि दोन रेसिड्यू दोन्ही बाजूंना ५१ अंशांच्या आसपास. संदेश पेशीच्या आत पोहोचवताना या हेलिक्स दोन ठेवणींमध्ये फिरत असाव्यात, अशी कल्पना त्यावरून मांडली गेली. फक्त पिच मोजत बसलं असतं तर हे दिसलंच नसतं.

पीळ मोजायला घेण्याआधी, मुळात ती कॉइल्ड कॉइल आहे का, हेही ठरवायला हवं. प्रथिनांमध्ये हेलिक्स एकमेकींना सतत ओलांडतात. चोथिया, लेव्हिट आणि रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये दाखवलं की असे ओलांडण्याचे कोन उणे ५० आणि अधिक २० अंशांच्या सुमारास जास्त आढळतात. यातला २० चा गट हा कॉइल्ड कॉइलच्या जवळचा, पण प्रत्येक २० अंशांची जोडी कॉइल्ड कॉइल नसते. अक्षांमधलं अंतर रेसिड्यूगणिक मांडा. लांबवर ते सपाट राहिलं तर हेलिक्स एकमेकींभोवती वळत आहेत. मध्ये खोल आणि दोन्हीकडे वर जात असेल तर त्या नुसत्या एकमेकींवरून गेल्या आहेत, आणि तिथे पिच विचारणंच चूक. दुसरी पडताळणी बाजूच्या साखळ्यांवरून. वॉलशॉ आणि वूल्फसन यांचा २००१ चा सॉकेट हा प्रोग्रॅम एका हेलिक्सची बाजूची साखळी दुसरीवरच्या चार बाजूच्या साखळ्यांच्या खाचेत बसते आहे का ते तपासतो, साखळ्यांच्या केंद्रांमध्ये ७ आंगस्ट्रॉमची मर्यादा धरून. अशा खाचा दोन्ही बाजूंनी ओळीने सापडल्या तरच पुढे जा.

इथे चिन्हांचा एक सापळा आहे. दोन अक्षांमधल्या कोनाच्या रूढ पद्धतीत डाव्या पिळाची जोडी अधिक २० येते. दर रेसिड्यूच्या फिरण्यात तीच जोडी उणे ३.६ येते. दोन्ही बरोबर. एकाच तक्त्यात दोन्ही स्तंभ शेजारी मांडले की वाचणाऱ्याला विरोध वाटतो, म्हणून डावा की उजवा हे शब्दांत लिहाच.

फाइल तयार करताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिलं, जोडी स्फटिकातल्या सममिती-अक्षावर बसली असेल तर फाइलमध्ये एकच साखळी असते आणि दुसरी जैविक जुळणीच्या (पूर्ण जोडी देणाऱ्या) फाइलमधून घ्यावी लागते. अशा वेळी दोन्ही साखळ्या गणिताने तंतोतंत सारख्या असतात, तेव्हा दोन्हींचे आकडे जुळले याला पुरावा समजू नका. दुसरं, मध्ये रेसिड्यू गायब असतील किंवा प्रोलिनमुळे हेलिक्स मोडली असेल तर चार-चार अणूंची साखळी तिथे तोडा, नाहीतर तो एक बिंदू सात-सात रेसिड्यू दोन्हीकडे बिघडवतो. प्रत्येक रेसिड्यूचं स्वतःच्या अक्षाभोवतीचं वळण ९० ते ११० अंशांच्या बाहेर गेलं की मी तो भाग आधी डोळ्यांनी बघतो, मगच आकड्यात धरतो. दोन्ही टोकांचे तीन-चार रेसिड्यू तर सोडूनच द्यावेत, ते बहुधा उसवलेले असतात. तिसरं, रचनेचा रेझोल्यूशन, म्हणजे नकाशात किती बारीक तपशील दिसतो ते. ३ आंगस्ट्रॉमपेक्षा ढोबळ नकाशात हेलिक्सचं वळण पुष्कळसं परिष्करणाच्या (मॉडेल नकाशाला जुळवून घेण्याच्या) नियमांनी लादलेलं असतं. त्यावरून शतांश ३ रेसिड्यूंचा फरक वाचायला जाऊ नये. अंदाजाने बांधलेल्या मॉडेलांबाबत मी आणखी सावध असतो. तिथे प्रत्येक साखळी स्वतःपुरती छान विश्वासार्ह असू शकते आणि तरी दोन साखळ्यांची एकमेकींसमोरची जुळणी एका हेप्टॅडने चुकलेली असू शकते. पीळ देखणा दिसेल, पण समोर चुकीचे रेसिड्यू असतील. दोन साखळ्यांमधला स्थाननिश्चितीचा अंदाज वेगळा बघावा.

उलट दिशेच्या जोडीत समोरासमोरचे बिंदू क्रमांकाने जुळत नाहीत. समोर येणाऱ्या दोन रेसिड्यूंच्या क्रमांकांची बेरीज स्थिर असते, म्हणजे १२ समोर ४७ असेल तर १३ समोर ४६. ती बेरीज आतल्या थरांवरून ठरवा. एकने चुकली तर त्रिज्येत फार फरक पडत नाही, पण मधला अक्ष किंचित नागमोडी होतो आणि फिरण्याचा आलेख खालीवर होऊ लागतो.

गणित नीट बसलं आहे का ते पाहायला जीसीएन४ या यीस्टमधल्या प्रथिनाची ल्युसिन झिपर (दोन हेलिक्सची छोटी कॉइल्ड कॉइल) घ्या. १.८ आंगस्ट्रॉमची ही रचना १९९१ मध्ये ओशे, क्लेम, किम आणि आल्बर यांनी दिली, ३३ रेसिड्यूंच्या दोन समांतर साखळ्या. तुमच्या प्रोग्रॅमने त्रिज्या ४.९ च्या जवळ, फिरणं उणे ३.६ च्या जवळ आणि पिच १५० च्या आसपास दिली तर पाया बरोबर आहे. क्रिक कोन बघताना १६ व्या जागेवरच्या अस्पॅराजिनकडे लक्ष द्या. ती ए जागा आहे, आणि दोन साखळ्यांमधले हे दोन अस्पॅराजिन एकमेकांशी हायड्रोजन बंध करताना सारखे बसत नाहीत. दोन सारख्या साखळ्यांची जोडी असली तरी मोजमाप प्रत्येक साखळीचं वेगळं ठेवायचं ते यासाठीच. सरासरी घेतली की ही असमानता पुसली जाते.

आता प्रश्नातल्या १२० ते ४०० कडे. आधी पिच टाकून फिरणं काढा, सात रेसिड्यूंच्या खिडकीने. चढउतार बराचसा निवळेल. जिथे फिरणं उणे १.३ च्या आसपास टिकून राहिलं, तिथला क्रम वाचा. हेप्टॅडच्या क्रमात चार रेसिड्यू जास्तीचे आलेले दिसले तर ती स्टटर आहे. सात अधिक चार म्हणजे अकरा, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे तिथे पीळ सैल होणारच. तीन रेसिड्यू जास्तीचे असतील तर ती स्टॅमर, दहा रेसिड्यूंत तीन वळसे, आणि तिथे पीळ उलट जास्त घट्ट होतो. ताण एकाच जागी राहत नाही, शेजारच्या एक-दोन हेप्टॅडवर पसरतो, म्हणून आलेखात तुटका खड्डा न दिसता रुंद उतार दिसेल. क्रमात काहीच मोडलेलं नसेल तर आतल्या रेसिड्यूंचा आकार बघा. ट्रोपोमायोसिन या स्नायूंतल्या लांब कॉइल्ड कॉइल प्रथिनामध्ये जिथे ओळीने ॲलनिन आत येतात तिथे त्रिज्या कमी होते आणि साखळ्या लांबीच्या दिशेने किंचित सरकतात, जोडी तिथे वाकायला मोकळी होते. म्हणून फिरण्याच्या आलेखाखाली त्रिज्येचा आणि क्रिक कोनाचा आलेख त्याच रेसिड्यू-क्रमांकांवर मांडा. तिन्ही एकाच ठिकाणी हलले तर बदल खरा. फक्त फिरणं हललं आणि बाकीचे दोन शांत असले, तर त्या भागातल्या बी-फॅक्टरकडे (अणूची जागा किती अनिश्चित आहे ते सांगणाऱ्या आकड्याकडे) बघा, तिथले अणूच बहुधा नीट ठरलेले नसतात.

लिहिताना सरासरी फिरणं आणि त्याचा पसारा द्या, कोणते रेसिड्यू घेतले ते द्या, खिडकी किती ते द्या, आणि पिच द्यायचीच असेल तर या सरासरी फिरण्यावरून एकदाच काढून द्या. साठ रेसिड्यूंच्या जोडीसाठी ती ५ आंगस्ट्रॉमपर्यंत गोल केलेली पुरते.